अक्काच्या कावडीचं धनुष्य

अन्याय नानांवर झाला. गेल्या वर्षी, होळीच्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, चोपड्याहून डोंगराकडे येणाऱ्या रस्त्यावरच्या वनखात्याच्या नाक्यावर. नाना म्हणजे माझे आजोबा. होळीआधीच्या बाजारात ढोलावर नाचून ते घरी येत होते, खांद्यावर त्यांचं धनुष्य. "शिकारीचं हत्यार," असं म्हणून नाक्यावरच्या माणसानं ते गुडघ्यावर मोडलं आणि तुकडे गटारात टाकले. पावती नाही, पंचनामा नाही. नानांनी आयुष्यात कधी ससासुद्धा मारलेला नाही!

आमच्या पाड्यावर होळीभोवतीची पहिली फेरी म्हातारे धरतात, आणि धनुष्याशिवाय त्या फेरीत कुणी उतरत नाही. नाना घरी आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "औंदा मी नही येत होळीले."

मी निषेधाचं पत्रक लिहायला बसलो. झणझणीत झालं. पण पत्रक खांद्यावर टाकून नाचता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी नानांना उठवलं आणि आम्ही दोघं लाकूड बघायला निघालो.

नानांना धामणच हवी होती, म्हणजे त्या नावाचं झाड. धामणीचं लाकूड दाबलं की वाकतं, सोडलं की सरळ होतं. नाना एकेक फांदी दाबून बघत आणि गाठ लागली की सोडून देत. गाठीपाशीच धनुष्य दगा देतं. शेवटी एक मिळाली, सरळ, मनगटाएवढी. नानांनी कोयता उचलला आणि तसाच खाली केला. ओलं लाकूड सावलीत वाळायला महिने जातात. घाईनं उन्हात टाकलं तर उभं चिरतं. होळी तर तोंडावर आली होती.

"ऱ्हाऊ दे तिले," नाना म्हणाले.

ओट्यावर अक्का, म्हणजे आजी, तूर पाखडत होती. आमचे रिकामे हात बघून तिनं सूप थांबवलं.

"बठ्ठं जंगल फिरी उनात?"

"वाळेल धामण कोठे भेटी आते?" नाना वैतागले.

"मना खांदाले इचारा," अक्का म्हणाली आणि तिनं आढ्याकडे बोट केलं.

आढ्याला तिची कावड टांगलेली होती. इथल्या बायका पाणी डोक्यावर आणतात. अक्काची मान दुखायची, म्हणून तिनं कावड धरली आणि त्यापायी पाड्याची टिंगलही ऐकली. नळ आल्यापासून ती कावड धुरात वाळत पडली होती. अस्सल धामण! वर्षानुवर्षं दोन भरल्या हंड्यांखाली वाकलेली आणि एकदाही न मोडलेली.

"ती तुनी शे," नाना पुटपुटले.

"मंग? आते काय तिनी पूजा करू?"

कावडीला थोडा बाक आला होता. तो मोडून काढायचा म्हणून नाना तिला उलटीकडून वाकवायला गेले, तशी अक्का सूप टाकून उठली. "उलटी वाकाडी ते मोडी जाई! जशी वाकत उनी तशीच वाकाडा!"

तिचं ऐकलं. कावडीची वरची बाजू धनुष्याची बाहेरची पाठ झाली. खांद्यावर घासून गुळगुळीत झालेला खोलगा आतल्या बाजूला, बरोबर मुठीपाशी आला. नानांनी काचेच्या तुकड्यानं दोन्ही टोकं तासली, बांबूच्या सालीची दोरी चढवली आणि ओढली. लाकूड बारीक कुरकुरलं. मी डोळे मिटून घेतले. नानांनी आणखी ओढली.

नाही मोडलं. बाजाराच्या दिवसापासून छातीवर असलेलं ओझं उतरलं होतं, आणि नाना खुळ्यासारखे हसत होते.

होळीला पहिल्या फेरीत नाना सगळ्यांत पुढे होते. बायकांच्या घोळक्यातून अक्का ओरडली, "जपीसन! मनी कावड शे ती!"

यंदा होळीच्या बाजारातून नाना त्याच नाक्यावरून येणार आहेत, तेच धनुष्य खांद्यावर टाकून. तुम्ही त्या रस्त्यानं जात असाल आणि कुणी त्यांना अडवलेलं दिसलं, तर काचेतून बघत पुढे जाऊ नका. गाडी थांबवा, खाली उतरा आणि नानांच्या बाजूला उभे राहा.