त्याच्या नावाचं टपाल

दारात टपालाचं पाकीट पडलं की जळकोट भागातली ती घटना आजही आठवते, आणि पाकीट फोडण्याआधी मी त्यावरचं नावच वाचत बसतो.

तेव्हा मी लातूर जिल्ह्यातल्या एका लहान ठाण्याचा प्रभारी होतो. एके दिवशी सकाळची हजेरी चालू असताना एक नवरा-बायको आले. त्यांना सगळं ठाणं ओळखत होतं. त्यांचा एकुलता मुलगा लातूरला खोली करून भरतीच्या परीक्षा द्यायचा. दीड वर्षापूर्वी तो लातूरला जातो म्हणून घरून निघाला आणि खोलीवर पोचलाच नाही. मोबाइल घरीच ठेवून गेला होता. बेपत्ता झाल्याची नोंद, म्हणजे मिसिंग, आमच्याकडे दाखल होती. रजिस्टरमध्ये वर्णन होतं: रंग सावळा, बांधा सडपातळ, उजव्या हाताची दोन बोटं लहानपणी कडबा कुट्टीत गेलेली, लिहितो डाव्या हाताने.

त्या दिवशी आईने एक पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाली, "साहेब, लेकराच्या नावाचं हाय म्हणला पोस्टमन. काय लिवलंय सांगा."

पत्र मोबाइल कंपनीचं होतं. आपण घेतलेल्या नव्या नंबरसाठी कागदपत्रं पुन्हा सादर करा, एवढाच मजकूर. नंबर दोनच महिन्यांपूर्वी घेतलेला. बाप मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा उतरलेला मला दिसला, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. ती चूक पहिली.

त्या नंबरवर फोन करायचा नाही असं मी सगळ्यांना बजावलं. घर सोडलेला पोरगा पोलिसांचा आवाज ऐकून आणखी लांब जातो, हा अनुभव होता. कॉलची माहिती मागवली. नंबर रोज चालू होता आणि टॉवर देगलूरचा होता. मग मी दुसरी चूक केली. माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घरच्यांना शब्द द्यायचा नाही, हे मीच नव्या शिपायांना शिकवायचो. आणि मीच त्या बाईला म्हणालो, "मावशी, पोरगा देगलूरला आहे. घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी जीप निघताना ती फडक्यात धपाटे बांधून घेऊन आली. वर शेंगदाण्याची चटणी. त्याला बाहेरचं सोसत नाही, म्हणाली.

देगलूरला त्या नंबरचा माणूस बसस्टँडजवळ सापडला. चाळिशीचा, पोट सुटलेला. बक्षीस लागल्याचे फोन करून लोकांना गंडवायचा धंदा. सिम कुठून घेतलं विचारल्यावर त्याने एका मोबाइल दुकानाकडे बोट दाखवलं.

दुकानदार गोड बोलणारा माणूस होता. म्हणाला, "साहेब, तो पोरगा खुद आला होता. माझ्यासमोर सही करून सिम घेतलं. पुढं त्यानं कुणाला दिलं, मला काय मालूम."

आरोपी खरं बोलत असू दे, असं मला नोकरीत तेव्हा एकदाच मनापासून वाटलं. पोरगा दोन महिन्यांपूर्वी या काउंटरपाशी उभा होता, एवढं जरी खरं निघालं असतं तरी पुरे होतं. पण विचारायचं ते विचारावंच लागतं.

"सही कोणत्या हातानं केली?"

"उजव्या. आणखी कोणत्या?"

मी रजिस्टरचा उतारा त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो दोनदा वाचला आणि मग खालचा खण स्वतःच उघडला. आत पाकिटांचा गठ्ठा होता, गावोगावच्या लोकांच्या नावांचा. तेव्हा झेरॉक्स आणि फोटोवर सिम मिळायचं. हा माणूस रद्दीवाल्याकडून असे कागद निवडून घ्यायचा आणि सह्या गिरवायचा. गठ्ठ्यात आमच्या पोराचं प्रवेशपत्र होतं. त्रुटी काढून परत आलेला एक अर्जही होता, त्याला आधारची झेरॉक्स आणि जादा फोटो टाचलेले. पंचनामा लिहिताना मला त्याचं नाव तीनदा लिहावं लागलं. फार वाईट वाटलं.

रद्दीवाल्याचा जबाब घेतला. एका माणसाने गावाबाहेरच्या रस्त्यावर थांबवून पोतंभर कागद फुकट दिले, असं तो म्हणाला. त्याने केलेलं वर्णन ऐकून मी पुढे काही विचारलं नाही.

आम्ही परतलो तेव्हा ती ठाण्याच्या पायरीवर बसली होती. जीपमध्ये तिला मुलगा दिसला नाही. तरी तिने विचारलं, "खाल्लं का त्यानं?"

धपाटे मागच्या सीटवर तसेच होते. मी तिला सगळं सांगितलं. मग शेजारी बसलेला तिचा नवरा बोलला. "मीच टाकले साहेब कागद. टपाल आलं की ही पळत दारात जायची, मग ते कागद घिऊन बसायची, दोन-दोन दिस जेवायची न्हाई. बघवत नव्हतं. पोतं भरून देऊन टाकलं. असं व्हईल मला काय ठाव?"

तिने जीपमधलं फडकं घेऊन सोडलं आणि एक धपाटा त्याच्या हातावर ठेवला. तोही सकाळपासून उपाशीच होता.

मी सरकारी शहाणपण सांगितलं. नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो, सही असलेला कागद अख्खा रद्दीत द्यायचा नाही. बारीक फाडायचा, नाहीतर चुलीत घालायचा. झेरॉक्स देताना कशासाठी दिली ते तिच्यावरच लिहायचं. त्याने मान डोलावली.

महिन्याभराने तो एकटाच आला. सदऱ्याच्या आतून दोन पाकिटं काढली. "फाडायला बसलो होतो साहेब. त्याचं नाव फाडवंना. तुमच्यापाशी ठिवा. हितून रद्दीत जायचं न्हाई."

मी ती मिसिंगच्या फायलीत लावली. नंतर मी तिथे होतो तोवर पोराच्या नावाचं टपाल आलं की तो ते घेऊन येतच राहिला.

आज मी लोकांना कागद फाडायला सांगत फिरतो. मी लाइट बिलाचाही पंचनामा करतो, असं बायको चिडवते. सल्ला खराच आहे, तो पाळावा. पण एखाद्याच्या घरी तेवढं एक नावच उरलेलं असतं, आणि तिथे हा सल्ला कसा द्यायचा हे मला अजून उमगलेलं नाही.

बदली झाली तेव्हा चार्ज देताना नव्या अधिकाऱ्याने ती फाइल उघडली आणि ही बंद पाकिटं कशाची, म्हणून विचारलं.

मी म्हणालो, "राहू द्या तशीच. ज्याची आहेत तो आला की त्याला द्या."