बरोबर उत्तरावरची फुली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, डॉक्टरांना नाही. देवापुढे बसतो तेव्हाही नाही — तिथे तर मी मुद्दाम मोठ्याने स्तोत्र म्हणतो, मध्ये दुसरं काही मनात येऊ नये म्हणून. सुधाला, माझ्या बायकोला, सांगितलं असतं का? ती तोवर गेली होती. ती असती तर हे घडलंच नसतं, असं पुढचं वाक्य लिहिणार होतो. पण ते नको. त्यात दोष तिच्या नसण्यावर जातो.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला आहे — चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवतानाचे गमतीदार अनुभव. "काका, हलकंफुलकं लिहा हं," संपादक मुलगी फोनवर म्हणाली. हलकंफुलकं माझ्याकडे पुष्कळ आहे. पण जेव्हा जेव्हा लिहायला बसलो, तेव्हा वेनली या एका विद्यार्थिनीपाशी येऊन हात थांबला. म्हणून आता तिच्याबद्दलच लिहितो. छापायचं की नाही ते ती मुलगी ठरवेल.

मी मूळचा शाळामास्तर. मिरजेला इंग्रजी शिकवायचो, आणि बरं शिकवायचो. सुधा पाटबंधाऱ्यातली इंजिनिअर. तिला हॉलंडमध्ये, डेल्फ्टला नोकरी लागली आणि मी तिच्या मागून आलो. "मास्तर, बायकोचा पदर धरून निघालात की परदेशी!" — स्टाफरूममधले हसले, मीही हसलो. इथे आल्यावर कळलं, माझ्या राहण्याच्या परवान्यावर माझी ओळख तेवढीच होती: अमुक बाईंचा नवरा. माझी पदवी इथल्या कुठल्याच शाळेला नको होती. बरीच वर्षं मी सायकलवरून टपाल वाटलं. लाल पेन मात्र खिशातून गेलं नाही. "अहो, निदान किराण्याच्या यादीवर तरी ते चालवू नका," सुधा म्हणायची.

हे एवढ्यासाठी सांगतो, की दुसऱ्याच्या परवान्यावर जगणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. पुढचं वाचताना हे विसरू नका.

सुधा गेल्यावर घर फार नीटनेटकं झालं. मुलगा नीउ-व्हेनेप गावी राहतो. रविवारी येतो, नातू येतो, मी मराठीत विचारतो आणि तो डचमध्ये उत्तर देतो. उरलेल्या दिवसांचं काय करायचं? आमच्या वस्तीत एक बूर्टहाउस आहे — समाजमंदिर म्हणा. तिथले वर्ग बघणाऱ्या मरायके नावाच्या डच बाईंनी विचारलं, इंग्रजी शिकवाल का? विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या चिनी मुलांच्या बायका येतील, हॉटेलातला एखादा आचारी येईल. व्याकरण पक्कं करायचंय, उतारे वाचून प्रश्न सोडवायचा सराव हवाय. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हो म्हणालो.

व्याकरण त्यांचं माझ्या मिरजेच्या पोरांपेक्षा पक्कं निघालं. सगळं घोकलेलं. गाडी अडायची ती उताऱ्यापाशी. लेखकाला काय म्हणायचंय, असं विचारलं की सगळे खाली बघायचे — थेट आमचा दहावीचा वर्ग. आणि मी दिलेल्या गुणांबद्दल कधी कुणी प्रश्न विचारला नाही. इथला डच विद्यार्थी अर्ध्या गुणासाठी तासभर भांडेल. ही माणसं दोन्ही हातांनी कागद घ्यायची आणि मान लववायची. मला लाओशी म्हणायची, म्हणजे गुरुजी. इतकी वर्षं या देशात मी 'मेनेर', म्हणजे इथलं 'साहेब', होतो, 'बाबा' होतो, 'सुधाताईंचे मिस्टर' होतो. लाओशी म्हटलं की पाठ ताठ व्हायची.

त्या वर्गात वेनली होती. तिकडे ती बँकेत अधिकारी होती, इथे नवऱ्याच्या परवान्यावर आलेली बायको. तिला टिलबर्गच्या विद्यापीठात पुढचं शिकायचं होतं. का, ते तिने मला हळूहळू सांगितलं. नवऱ्याचं संशोधन त्या उन्हाळ्यात संपत होतं. तो चीनला आईच्या घरी परत जाणार, आणि परवाना त्याच्या नावावर, म्हणून तीही. टिलबर्गला प्रवेश मिळाला तर तिला इथे स्वतःच्या नावावर राहता आलं असतं. वसंतात अर्ज बंद व्हायच्या आत इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल जोडायचा होता. बाकी सगळं तयार होतं. "लाओशी, ही एकच गोष्ट राहिलीय," ती म्हणायची.

मग मी तिला बुधवारी वेगळा वेळ द्यायला लागलो. खिडकीजवळचं टेबल. ती थर्मासमधून गरम पाणी आणायची, मी चिवडा न्यायचो. ती आधी त्यातले सगळे शेंगदाणे वेचून खायची. आल्या आल्या विचारायची, "जेवलात का?" त्यांच्यात तशी पद्धत आहे, आपल्यासारखीच. मला माहीत होतं की तो नुसता रिवाज आहे. तरी मी दर वेळी खरं उत्तर द्यायचो — काय केलं होतं, मीठ जास्त कसं झालं. या देशात दुसरं कोण विचारत होतं मला, जेवलात का?

बघा, मी पुन्हा आडवाटेला लागलो. मुद्द्यावर येतो.

एका बुधवारी ती म्हणाली, "पुढच्या महिन्यातल्या परीक्षेला नाव देते." मला आनंद व्हायला हवा होता ना? मास्तराला दुसरं काय हवं असतं? ती पास होणार हे मला ठाऊक होतं. पास झाली की बुधवार संपला.

"थांब," मी म्हणालो. "आधी एक अवघड पेपर सोडव."

तो उतारा मीच निवडला होता. एक विधवा बाई, पाव आणायला जाते, दोघांपुरता पाव घेते, अर्धा पक्ष्यांना घालते. एवढाच. खाली प्रश्न: ती दोघांपुरता पाव का घेते? आमच्या मिरजेच्या पद्धतीचं उत्तर म्हणजे प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य उतरवायचं — पक्ष्यांना घालण्यासाठी. वेनलीने तसं केलं नाही. तिने लिहिलं: कारण एकटीसाठी पाव मागायची तिची अजून तयारी नाही.

मी ते वाचलं. सकाळी मी दोन कप चहा टाकला होता.

आणि मी त्या उत्तरावर फुली मारली. बाजूला लाल अक्षरांत लिहिलं — उताऱ्यात असं कुठेही म्हटलेलं नाही.

व्याकरणात मला खोटं बोलता आलं नसतं. तिथे उत्तर एक तर बरोबर असतं, नाही तर चूक, आणि ती पुस्तकात पडताळून पाहू शकली असती. उताऱ्याच्या प्रश्नांत सगळं मास्तराच्या हातात. त्या पेपरात मी आणखीही फुल्या मारल्या. पुढच्या बुधवारी पुन्हा. ती कागद दोन्ही हातांनी घ्यायची, वाचायची, आणि तिचा चेहरा हळूहळू लाल व्हायचा. तिने एकदाही विचारलं नाही — का चूक? एकदा विचारलं असतं तर... पण हेही वाक्य नको. ती विचारणार नाही हे मला माहीत होतं. त्याच भरवशावर तर मी फुल्या मारत होतो.

विचारलं ते मरायकेबाईंनी. टेबलाशेजारून जाताना त्यांची नजर त्या पावाच्या उत्तरावर पडली. वाकून त्यांनी ते पुन्हा वाचलं. "किती सुंदर लिहिलंय! मग ही फुली कशाला?"

वेनलीने मान वर केली. तिने माझ्याकडे बघितलं. त्या एका क्षणात सगळं सावरता आलं असतं. चूक झाली, चष्मा बदलायला हवा — एवढं म्हणालो असतो तरी पुरे होतं.

"परीक्षेत असं चालत नाही," मी म्हणालो. "तिथे फार कडक तपासतात."

"असेल बाई. तुम्ही मास्तर," म्हणत मरायकेबाई कॉफीकडे गेल्या. मी कागद उलटा करून ठेवला. वेनली म्हणाली, "लाओशीचं बरोबर आहे. मी नसलेलं वाचते."

नाव द्यायची मुदत संपत आली तसं तिने मला सरळ विचारलं. कोट अंगावर, एक हात दाराच्या मुठीवर. "लाओशी, तुम्हीच सांगा. या वेळी बसू?"

विचार करतोय असं दाखवलं. मग मान हलवली. "अजून कच्चं आहे."

ती बसली नाही. अर्जाची मुदत गेली.

आता यातला वेडेपणा बघा. तिला अडवून मी ठेवणार कुठे होतो? पास होवो न होवो, ती जाणारच होती. टिलबर्ग गाडीने सव्वा-दीड तासावर. एखाद्या सुट्टीत आली असती, चिवडा खाल्ला असता. मी काय मिळवलं — वसंतापासून उन्हाळ्यापर्यंतचे थोडे बुधवार. त्यासाठी मी तिला चीनला पाठवून दिलं. आणि ते उरलेले बुधवार? ती येत राहिली, पण तिचं वाचन बदललं. प्रश्नातला शब्द शोधायची, वाक्य उतरवायची. मी टिक करायचो.

जाताना तिने मला तिचा थर्मास दिला. "थंडीत गरम पाणी पीत जा, लाओशी." तो माझ्या ओट्यावर आहे. रोज वापरतो. प्रायश्चित्त वगैरे समजू नका — पाणी त्यात गरम राहतं, म्हणून.

त्यांच्याकडेही सप्टेंबरात शिक्षकदिन असतो. दर वर्षी तिचा संदेश येतो, फुलाच्या चित्रासकट. मी 'आशीर्वाद' एवढं लिहितो. यंदाच्या संदेशात तिने लिहिलं की ती नणंदेच्या दुकानात बसते. इंग्रजी वाचणं सोडलं, कारण ती बुद्धीच तिच्यात नव्हती. "तुम्ही खरं सांगितलंत म्हणून माझी फजिती टळली. असा प्रामाणिक शिक्षक मिळायला भाग्य लागतं."

मी फोन पालथा ठेवला. मग हा लेख लिहायला घेतला. अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं की मी हे मराठीत लिहितोय. जे तिला वाचता येत नाही, अगदी त्याच भाषेत. पुन्हा तेच. ती विचारणार नाही, याचा भरवसा.

तेव्हा लेख बाजूला ठेवला आणि तिला इंग्रजीत लिहिलं. सोपी, छोटी वाक्यं. पावाचं तुझं उत्तर बरोबर होतं. ज्यांवर मी फुल्या मारल्या ती बाकीचीही बरोबर होती, आणि मारताना मला ते माहीत होतं. तू त्या परीक्षेला पास झाली असतीस. तुझ्याबरोबरचे माझे बुधवार जाऊ नयेत म्हणून मी खोटं बोललो.

पाठवून दिलं. त्यांच्या त्या अ‍ॅपमध्ये समोरच्याने वाचल्याची खूण उमटत नाही.

'मला क्षमा कर' असं मी लिहिलं होतं, मग खोडलं. मी क्षमा मागितली असती तर तिने ती लगेच दिली असती — दोन्ही हातांनी, मान लववून.