शालनताई आणि दत्ताचा डबा

शालनताई मिलमध्ये आल्या की आधी दत्ताचा डबा उघडून बघायच्या. शेठना नमस्कार नंतर, दत्ताची विचारपूस त्याहून नंतर. मानवतच्या डाळमिलमध्ये मी मुनीम. मला ही बाई भलतीच आगाऊ वाटायची. एकदा बोललोच, "डबा त्याचा, तुमाला काय करायचंय?" त्या हसल्या. "मुनीमजी, तोंडाकडं बघून मानूस कळत न्हाई. डब्याकडं बघून कळतंय."

मानसिक आजारातून सावरलेल्यांना काम मिळवून देत त्या एसटीनं गावोगाव हिंडायच्या. दत्ताला नसलेले आवाज ऐकू यायचे. गोळ्यांनी तो शांत झाल्यावर ताईंनी शेठच्या मागे लागून त्याला पोती शिवायला लावलं. "कामाला लावनं सोपं हाय, टिकवनं लय अवघड," म्हणत दर आठवड्याला हजर.

नवरात्रात एका दुपारी दत्ता पोती शिवायचं दाभण उगारून उभा राहिला. "मला नावं ठेवायलेत, गप करा त्यांना!" हमाल मागे सरले. कुणीतरी दोरी आणली. माझी पाचावर धारण बसली. शेठ ओरडले, "आत्ताच्या आत्ता काढा ह्याला!" मी ताईंना फोन लावला. त्या स्टँडवर होत्या, तशाच धावत आल्या.

आणि आल्याआल्या, खरं सांगतो, डबाच उघडला. आत भगर.

"उपास कोनी धरायला लावला रे?"

"आईनं. नोकरी लागली म्हनून नवस व्हता."

"आन गोळी?"

"जेवल्यावर घ्यायची असती ना ताई. उपासाला जेवतंय कोन?"

ताई त्याच्यासमोर पोत्यावर बसल्या, हात पुढे केला. "दे बाबा इकडं. लय दमलास." मला त्यांचा रागच आला, इतकं जिवावर उदार कशाला व्हायचं? मग दत्तानं दाभण त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि हुंदके देत खाली बसला.

"शेठ, डॉक्टरकडं नेते. दसरा झाला की परत आनते. काढायचं तर तवा काढा." शेठ गप्प राहिले. त्यांचा होकार असाच असतो.

दत्ता परत आला, टिकला. ताई मात्र यंदा उन्हाळ्यात काविळीनं गेल्या. बातमी ऐकून दत्ता नुसती पोती शिवत राहिला. मला धास्ती बसली. आता याला कोण सांभाळणार?

दुपारी त्यानं डबा आणून माझ्या पुढ्यात ठेवला. "मुनीमजी, बघा."

मी झाकण काढलं. भाकरी, पिठलं, कडेला कागदाच्या पुडीत गोळी.

"जेव बाबा," मी म्हणालो.