नजीरसरांचे कांदे समुद्राला निघाले

नाशिक रोडच्या एका शाळेत नजीरसर विज्ञान शिकवतात. एरवी माणूस गरीब गायीसारखा, डब्यातली काकडीसुद्धा आवाज होऊ नये म्हणून हळू चावणारा. पण समुद्राचा धडा आला की त्यांच्या अंगात येतं. भरती-ओहोटी, प्रवाह, कासवांच्या पोटात निघालेल्या पिशव्या सुरू झाल्या की खडूचे तुकडे पहिल्या बाकापर्यंत उडतात. आणि त्याच बाकावरची वेफर्सची रिकामी पाकिटं मधल्या सुट्टीत खिडकीतून मागच्या नाल्यात जातात. सरांचं दुखणं एवढंच. पोरं सागरी प्रदूषणावर पैकीच्या पैकी मार्कांचं उत्तर लिहितात आणि पाकीट नाल्यात भिरकावतात.

यंदा सातवीतल्या निकिताने तर तोंडावरच सांगून टाकलं. "सर, समुद्र मुंबईला आहे. तिकडच्या पोरांना सांगा ना. आपला नाला कशाला समुद्राला जाईल?"

निकिता म्हणजे वर्गाची पुढारी. ती हो म्हणाली की सगळे हो. सरांनी फळ्यावर गोदावरी काढून दाखवली. मुंबईचा समुद्र हाकेच्या अंतरावर असताना ही बाई त्याच्याकडे पाठ फिरवते आणि अख्खी दख्खन तुडवत बंगालच्या उपसागराला जाते. आपला नाला हिलाच मिळतो. वर्गाने फळ्याकडे बघितलं, मग निकिताकडे बघितलं, आणि कोणाला काही पटलं नाही.

तेव्हा पैज लागली. नाल्यात सोडलेली वस्तू महिनाभरात गोदावरीच्या खालच्या बंधाऱ्याला पोचल्याची खबर आली, तर एकही पाकीट खिडकीबाहेर जाणार नाही. नाही आली, तर सरांनी पाकिटांचं नाव पुन्हा काढायचं नाही. सर बोलून गेले आणि मग त्यांना घाम फुटला. हरल्यावर हा धडा कोणत्या तोंडाने शिकवायचा?

समुद्राचे प्रवाह शोधायला शास्त्रज्ञ बाटल्या सोडतात, हे सरांना ठाऊक होतं. पण त्यांनीच बाटल्या सोडल्या असत्या, तर लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तरंगणारी, कुजून जाणारी आणि फुकट मिळणारी वस्तू नाशिक जिल्ह्यात एकच. सरांच्या बायकोचा भाऊ अबरार लासलगावच्या बाजारात कांद्याचा व्यापारी. त्याने निवडून बाजूला टाकलेल्या कांद्यांची गोणी पाठवली, सोबत निरोपही. "दूल्हाभाई, कांद्याला भाव नाही हे खरं, पण पाण्यात सोडायची वेळ अजून आली नव्हती."

प्रत्येक कांद्याला कापडाची पट्टी, पट्टीवर शाळेचा फोन नंबर. पट्टी लांबून दिसायला हवी, पण रंगाने मासे मरतील, म्हणून हळदीत बुडवली. प्लॅस्टिकची दोरी नको म्हणून सुती दोरा घेतला, आणि शाळेत सापडला तो लाल. खिचडी शिजवणाऱ्या यशोदाबाईंनी हळदीचा डबा देताना एकदा कांद्यांकडे पाहिलं, एकदा सरांकडे.

"सर, घरी सगळं बरंय ना?"

"प्रयोग आहे, बाई."

बाईंनी मान डोलावली. डबा मात्र त्यांनी परत घेतला नाही.

कांदे नाल्यातून डुलत निघाले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. फोन काही वाजेना. आठवड्यामागून आठवडा गेला. ऑफिसात घंटी वाजली की सर दारात हजर, आणि फोन पुस्तकवाल्याचा. निकिता रोज मधल्या सुट्टीत विचारायची, "सर, आला का समुद्राचा फोन?" आणि त्यांच्यादेखत पाकीट फोडायची. सरांना काकडी गोड लागेनाशी झाली.

मुदत संपत आली तेव्हा एका सकाळी निकिता तासाआधीच येऊन उभी राहिली, मान खाली घालून.

"सर, माझी गोजराआत्या बंधाऱ्याजवळच्या गावात दिलेली आहे. काल तिचा आईला फोन आला. नदीत कोणीतरी करणी सोडलीये म्हणे. हळदीचं फडकं आणि लाल दोरा बांधलेले कांदे. गावातलं कोणी पाण्याला हात लावत नाहीये."

सरांनी कपाळावर हात मारला. सगळा जन्म याच जिल्ह्यात गेला, आणि हळदीचं फडकं, लाल दोरा बांधून पाण्यात वस्तू सोडली की तिला उतारा म्हणतात, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये? दुसऱ्याच्या उताऱ्याला हात कोण लावणार आणि त्यावरचा नंबर वाचणार कोण? मग त्यांच्या लक्षात आलं, की ही पोरगी गप्प बसली असती तर पैज तिचीच होती. सरांना तिचा इतका अभिमान वाटला, की चष्मा काढून पुसावा लागला.

शनिवारी सर वर्ग घेऊन त्या गावी गेले, माफी मागायला. गोजराबाईंनी आधी चहाचं आधण ठेवलं, मग त्या रागावल्या.

"लय भ्यालो आम्ही, मास्तर. भगताला बोलावलं. त्यानं नारळ फोडला अन् बांबूनं समदं बंधाऱ्याखाली लोटून दिलं. कांदे गेले, पिशव्या गेल्या, पाकिटं गेली. नदी कशी लख्ख झाली."

"म्हणजे पुढच्या गावाला?" निकिताने विचारलं.

"मंग? आपल्या दारची पीडा गेली म्हंजे झालं. त्यांनीबी फुडं लोटली असंल. उतारा काय कोणी ठिवून घेतंय?"

पोरं हसली, सरही हसले. निकिता हसली नाही. ती बंधाऱ्याच्या काठाशी जाऊन पाणी जात होतं तिकडे बघत राहिली.

"सर," ती म्हणाली, "सगळे पुढच्याला लोटणार. शेवटचं गाव समुद्रात लोटणार. मग समुद्राने कोणाकडे लोटायचं?"

इतक्या वर्षांत या धड्यावर सरांना असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. निकिता उत्तरासाठी थांबली नाही. ती खाली वाकली, काठच्या दगडात अडकलेलं एक पाकीट ओढून काढलं आणि तसंच ओलं दप्तरात टाकलं.