साखळीतले जिवाणू

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कुंभकोणमच्या कॉलेजात एम.एस्सी.ला होते. प्रोजेक्टसाठी सरांनी एक बिघडलेला जिवाणू शोधायला सांगितला. जिवाणू दुभंगताना मधली पेशीभित्तिका कापावी लागते. कापणाऱ्या एन्झाइमला हुकूम देणारी प्रथिनं पेशीच्या पटलात असतात. असं एखादं प्रथिन बिघडलेला जिवाणू साबणाच्या थोड्याशा मात्रेनेही मरतो, एवढीच खूण सरांनी दिली होती. दिवाळीपर्यंत सापडला नाही तर विषय दुसऱ्या कुणाला जाणार होता. मला तो विषय जिवापाड हवा होता.

जिवाणू वाढवायच्या एका काचेच्या बशीत साबणाने मरणारा एक ठिपका, म्हणजे एकाच जिवाणूची वसाहत, सापडला. त्यातला कण नळीत वाढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर सुटे जिवाणू नाहीतच, नुसत्या लांबच लांब साखळ्या. दह्यातले जिवाणू साखळीत असतात, आणि मी रोज दुपारी त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर दहीभात खायची; नळीत दहीच पडलं असणार. विटाळलं की तपासत बसायचं नाही, सरळ टाकायचं, हे आमच्या तंजावरी मराठी, सोवळ्याच्या घरात मी चालायला लागल्यापासून शिकले होते. तीन आठवड्यांत त्याच ठिपक्यातून तीन नळ्या वाढवल्या, तिन्हींत साखळ्याच; तिन्ही टाकल्या. मग डबाच बंद केला; आईला एवढंच म्हटलं, कामात दही नडतंय. संध्याकाळी घरी, दारासुरमला, बसमधून उतरले की डोळ्यांपुढे अंधारी यायची.

आई म्हणाली, "पोटाला कां मारतीस गे? परीक्षेंत दह्याचें काय काम?"

शेवटी मी हात टेकले. ती बशीही टाकायच्या टोपलीत ठेवली आणि सरांना म्हटलं, "दुसरा विषय द्या."

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तमिळमध्ये विचारलं, "तिन्ही वेळा दही याच ठिपक्याच्या नळीत पडलं? शेजारच्या एकाही नळीत नाही? रंगवून तरी पाहिलंस का?"

पाहिलं नव्हतं. इतका राग आला स्वतःचा. टोपलीतल्या बश्यांमधले जिवाणू मोठ्या प्रेशर कुकरमध्ये वाफेने मारतात, म्हणून मी धावत कुकरवाल्या खोलीत गेले. शिपाई झाकण लावतच होता. बशी वरच होती.

ठिपक्यातला कण मी काचेच्या पट्टीवर पसरला, रंग सरांनीच दिला. त्या रंगात आमचे जिवाणू गुलाबी दिसतात, दह्यातले जांभळे. मी भिंगाला डोळा लावला. साखळ्या गुलाबी होत्या. भित्तिका कापायचा हुकूमच पोहोचला नव्हता, म्हणून दुभंगूनही ते एकमेकांना चिकटून राहिले होते.

सर म्हणाले, "विषय तुझ्याकडेच राहील." मी रडले, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

घरी आल्यावर आईला म्हटलं, "तीन आठवडे मी जे टाकत होते ना, तेच शोधत होते."

आई भाजी चिरत होती. म्हणाली, "मग आतां टाकायचें तें पाहून टाक गे."