पेरलेला प्रश्न

अर्पिता कुणाला ‘नाही’ म्हणू शकत नाही, ही काळजी राजेश्रीच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती. पोरगी ताडकळसहून उठून जर्मनीत मातीचं शास्त्र शिकायला गेली, एकटी राहू लागली, बर्फातून सायकल चालवू लागली. त्याचं राजेश्रीला एवढं काही वाटत नव्हतं. पण तिथल्या चर्चासत्रात तिनं इंग्रजीतून आपला विषय मांडला, समोरच्यांनी शंका काढल्या आणि ही प्रत्येकाला ‘यू आर राइट’ म्हणत गेली. शेवटी आपल्या अभ्यासाला फारसा अर्थ नाही, हेही तिनं हसतमुखानं कबूल करून टाकलं. प्राध्यापकांनी बजावलं, पुढच्या खेपेला मुद्दा राखता आला नाही तर नापास. नापास म्हणजे शिष्यवृत्ती बंद, आणि मग परतीचं विमान.

मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे वळण राजेश्रीनंच लावलेलं. पाहुण्यारावळ्यांत त्याचं कौतुकही तिनंच करून घेतलं होतं. आता ते मोडायचं कामही तिनं स्वतःकडे घेतलं. आपण बी.एस्सी. आहोत, हे तिला अशा वेळी हटकून आठवे.

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सराव सुरू झाला. अर्पिताचा विषय पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या झाडांचा: जाळून न टाकता त्या बारीक करून काळ्या रानात मिसळल्या, तर ओल किती टिकते. ती इंग्रजीतून बोले आणि राजेश्री विरोधक होई. विरोधक मधेच विचारी, जेवलीस का, केस का कापलेस. एकदा अर्पिता मोठ्या हिमतीनं म्हणाली, “आय डोन्ट अग्री.” विरोधकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आईला असं म्हणतेत का गं?”

अर्पितानं लगेच माफी मागितली. सराव तिथंच संपला.

मग राजेश्रीला परभणीतलं आपलं कॉलेज आठवलं. तिथं सेमिनारच्या आदल्या दिवशी मैत्रिणींत प्रश्न वाटून दिले जात. कुणी काय विचारायचं ते ठरलेलं, उत्तर पाठ, आणि अवघड प्रश्नाला वेळच उरत नसे. राजेश्रीला त्यात पैकीच्या पैकी गुण होते आणि त्या गुणांचा तिला अजूनही अभिमान होता. पुढच्या चर्चासत्राची लिंक अर्पितानं ‘नुसतं ऐक’ म्हणून पाठवली होती. राजेश्रीनं एक सोपा इंग्रजी प्रश्न पाठ केला, भाकरी थापताना तो म्हणून पाहिला. अर्पिताला मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती ‘हो’च म्हणाली असती, पण रात्रभर झोपली नसती.

चर्चासत्राच्या दिवशी संध्याकाळी नवरा, सूर्यभान, बी-बियाण्यांचं दुकान बंद करून आला, तर ही ठेवणीतली साडी नेसून मोबाइलसमोर बसलेली.

“तुला कोण बघायलंय तिथं?” त्यानं विचारलं. विचारणाऱ्याचा चेहरा दिसतो, असं तिनं त्याला ऐकवलं.

अर्पितानं विषय नीट मांडला. प्रश्नांची वेळ आली, राजेश्रीनं हात वर करायचं बटण दाबलं, प्राध्यापकांनी बोला म्हटलं आणि पाठ केलेला प्रश्न डोक्यातून गेला. पार गेला. तोंडातून भलतंच बाहेर पडलं, तेही मोडक्या इंग्रजीत: आमच्याकडे पऱ्हाट्या जाळतात, कारण त्यांच्या उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी राहते. म्हणून जाळणंच बरं.

सूर्यभाननं कपाळाला हात लावला. “तू लेकीच्या बाजूनं हायस का अळीच्या?”

प्राध्यापक मात्र खुर्चीत पुढे सरकले. चांगली हरकत आहे म्हणाले आणि उत्तरासाठी अर्पिताकडे वळले. तिनं आईला ओळखलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. ‘यू आर राइट’ म्हणू नको गं बाई, एवढंच राजेश्री मनात घोकत राहिली.

“आय डोन्ट अग्री,” अर्पिता म्हणाली.

वेचणी संपताच पऱ्हाट्या यंत्रानं बारीक केल्या तर बोंडाबरोबर अळीही चिरडते. जाळल्यानं अळी मरते खरी, पण रानाचं खाद्यही धुरात जातं. विचारणाऱ्या बाईंनी अर्धाच विचार केलेला आहे. आवाज आधी थरथरत होता, ‘बाईं’पाशी येईतो सरळ झाला. राजेश्रीच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं, पण ह्या खेपेला तिनं आधी माइक बंद केला.

अर्पिताचा ‘पास’ असा एका शब्दाचा निरोप आला, आणि मग काहीच नाही. रागावली असेल का? का चारचौघांत आईला खोडून काढलं, ह्याचंच तिला लागलं असेल? राजेश्रीनं माफीची दोन वाक्यं जुळवली. ती पाठ करू लागली, तशी तीही विसरू लागली.

एका दुपारी कुरडयांचा चीक शिजवायला परसातली चूल पेटवायची म्हणून ती सरपण काढायला गेली. घराच्या भिंतीला टेकून पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला होता. शेजारी तसाच, पलीकडे तसाच, गल्लीभर तसाच. तिनं एक पऱ्हाटी ओढली. शेंड्याला एक किडकं बोंड चिकटलेलं होतं.

ती ते हातात धरून उभी राहिली. रानातल्या पऱ्हाट्यांवर यंत्र फिरेल. जळणासाठी घरी आणून ठेवलेल्या ह्या ढिगांचं काय? अळी तर इथं, सावलीत, भिंतीला पाठ लावून बसली आहे. अर्पितानं रानाचं उत्तर दिलं होतं, घराचं दिलंच नव्हतं.

जर्मनीत आत्ता सकाळ झाली असेल. चीक थांबला तर बिघडत नाही. माफीची वाक्यं ती एव्हाना साफ विसरली होती. तिनं पदराला हात पुसले आणि, ‘जेवलीस का’ असं आधी विचारायचं नाही एवढं मनाशी ठरवून, अर्पिताला फोन लावायला घरात गेली.