चाळीस मिनिटांचा फोटो

समजा, तुमच्या हातात एक जाड नोंदवही आहे. दर तासाला उठायचं, आवारातल्या तिन्ही ट्रान्सफॉर्मरपाशी जायचं, तबकडीवरचं तेलाचं तापमान स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि लिहायचं. अंदाजपंचे काही लिहायचं नाही. फेरी चुकली तर रकान्यात ‘घेतलं नाही’ असं लिहायचं, लाज वाटली तरी. आणि आकडा चुकला तर? खोडायचं नाही, गिरवायचं नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची. चुकीचा आकडा खालून वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा आणि सही. असं बावीस वर्षं करा. मग माणसांशीही दुसऱ्या कुठल्या रीतीने बोलता येतं का ते बघा.

वीज उपकेंद्रातल्या त्या ऑपरेटरला तरी येत नव्हतं.

तो थोरल्या बहिणीसोबत चौथ्या मजल्यावर राहायचा. ताईची फुप्फुसं थकली होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन अखंड घुरघुरायचं. वीज गेली की मशीन गप्प, मग सिलिंडर. तो जेमतेम दीड तास पुरायचा. मागच्या महिन्यात वीज दोन तास गेली. शेवटचा अर्धा तास ताई खिडकीची चौकट धरून बसली होती, ओठ निळे पडलेले. साऱ्या गावाला वीज पुरवणारा भाऊ समोर हात चोळत उभा.

म्हणून इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवायचा ठराव आला, तेव्हा त्याला हायसं वाटलं. लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि एक तार ताईच्या मशीनला. रविवारी मतदान होतं. त्याआधी चर्चा, अर्थात मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये.

विरोधात उतरले दुसऱ्या मजल्यावरचे विमा एजंट. त्यांनी कोर्टाची पायरी कधी चढली नव्हती, पण वाद घालण्यात असे तरबेज की सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणत.

“बॅटऱ्या पेट घेतात,” वकीलसाहेबांनी लिहिलं. ऑपरेटरने सुट्टीचा अख्खा दिवस घालवून सुरक्षेची माहिती जमवली. ती टाकताच वकीलसाहेब पावसाळ्यातल्या ढगांवर गेले. ढगांचं उत्तर दिलं, तर बॅटऱ्यांच्या धातूसाठी दूरदेशीच्या खाणींत राबणाऱ्या मजुरांचा त्यांना एकाएकी कळवळा आला. त्याचंही उत्तर दिलं, तर पुढचा मेसेज, “इतका आग्रह कशाला बुवा? कंपनीवाले नात्यातले वाटतं? मी आपला फक्त प्रश्न विचारतोय.” खाली अकरा जण हसले.

“धाकट्या,” ताई दम घेत म्हणाली, “तू त्याला उत्तरं देत नाहीयेस. तो तुला पळवतोय.”

“पण प्रश्न विचारलाय ना त्यांनी.”

“देवा! हा शाळेतही असाच. मास्तर चिडून ‘अक्कल आहे का?’ म्हणाले, तर हा विचार करत बसला होता.”

शुक्रवारी कुणीतरी सरळ विचारलं, की बॅटरी किती वेळ टिकेल? त्याने हिशेब मांडला आणि लिहिलं, चाळीस मिनिटं. तासाभराने चूक ध्यानात आली. लिफ्ट सतत वर-खाली धावतेच आहे असं त्याने धरलं होतं. पहिला मेसेज पुसून टाकणं एका बोटाचं काम होतं. त्याने तो ठेवला. खाली लिहिलं, “वरचा आकडा चुकला. लिफ्ट अखंड चालते असं धरलं गेलं. बरोबर आकडा, तीन तास.” शेवटी स्वतःचं नाव, सही केल्यासारखं.

शनिवारी सकाळी वकीलसाहेबांनी काढलेला वरच्या मेसेजचा फोटो ग्रुपवर झळकला. खालचा कापलेला. “खुद्द वीजवाले म्हणतात, चाळीस मिनिटं! एवढ्यासाठी गच्ची अडवायची?” त्याने तीनदा खुलासा केला. पालथ्या घड्यावर पाणी. एका काकूंनी लिहिलं, “दर तासाला आकडा बदलणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा?”

ठराव पडला. अकरा विरुद्ध सतरा.

मंगळवारी दुपारी वीज गेली. लिफ्ट बंद. तो भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढत होता, तोच दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. वकीलसाहेब बनियनवरच धावत आले. “अहो, एकटे काय नेताय? द्या, खालची बाजू मी धरतो.” दोघांनी मिळून तो दोन मजले चढवला. वकीलसाहेबांना धाप लागली, पण त्यांनी सिलिंडर सोडला नाही.

चौथ्या मजल्यावर त्याने विचारलं, “माझी दुरुस्ती तुम्ही वाचली होती?”

“वाचली की. तुम्ही टाकल्या टाकल्या.”

“मग फोटो?”

“आता वादात तुमची बाजूही मीच मांडायची का?” वकीलसाहेब कपाळ पुसत हसले. “मनावर घेऊ नका हो. ताईंना सांगा, काहीही लागलं तर हाक मारा. मी आहे.” आणि ते खाली गेले.

त्यांचं ते ‘मी आहे’ खोटं नव्हतं, आणि तेच त्याला सोसवेना. त्याने ताईच्या नाकावर नळी बसवली, घड्याळ पाहिलं. दीड तास. मग मोबाइल काढला. या वेळी ग्रुपवर नाही, एकट्या वकीलसाहेबांना लिहिलं. मेसेज लगेच वाचला गेल्याची खूण उमटली. उत्तर त्या दिवशी आलं नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. जिन्यात भेटले की ते हटकून ताईची चौकशी करतात, त्या मेसेजबद्दल चकार शब्द नाही. त्याने एवढंच विचारलं होतं: “मी कुठला आकडा दाखवला असता, तर तुम्ही हो म्हणाला असता?”